पंप धुतला होता का?

सोजरबाईच्या लिलीचं मधलं पान पिवळं पडलं, तेव्हा तिनं आधी नवऱ्याला धरायला पाहिजे होतं. तिनं धरलं सुनेला. धरलं म्हणजे नीट विचारलंसुद्धा नाही, सरळ ऐकवलं. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

आता ही लिली कोणती, ते आधी सांगतो. हारातली नव्हे. हिला डे-लिली म्हणतात. सोजरबाईच्या गावाला, रिठदला, एक नर्सबाई होत्या, त्यांची बदली झाली तेव्हा कुंड्या कुठं वाहून न्यायच्या म्हणून त्यांनी एक रोप सोजरबाईच्या हातात ठेवलं. लसणाच्या पातीचा भाऊ दिसेल असं ते रोप. ‘फूल एकच दिवस टिकतं हं,’ एवढंच नर्सबाई बोलल्या आणि बसमध्ये चढल्या. त्याला आता नऊ वर्षं झाली. एका रोपाचे तेवीस गड्डे झाले. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, न्हाणीपासून कुंपणापर्यंत सरळ रांग, एक गड्डा तेवढा पाण्याच्या टाकीमागं. शेंदरी फुलं, गळ्यात पिवळी. उन्हाळ्याच्या तोंडाशी एक बहर, पावसात दुसरा.

फूल एक दिवसाचं हे खरं. सकाळी उमललं की दिवेलागणीला मान टाकतं. पण एका दांड्यावर दहा-बारा कळ्या असतात, रोज नवीन फूल हजर. गल्लीतली बाई एखादी म्हणायची, “एका दिवसाच्या फुलासाठी इतकी मरमर कायले करता वो?” सोजरबाई म्हणायची, “तू सकाळी भाकर थापतं, ते किती दिवस टिकते माय?”

आणि मरमर तर होतीच. सकाळी सहाला चहाच्या आधी सोजरबाई सांदवाडीत. कालची कोमेजलेली फुलं चिमटीनं खुडायची, नाही तर झाड बी धरायच्या नादी लागतं आणि पुढची कळी बारीक राहते. दांडा रिकामा झाला की बुडातून कापायचा. पाणी मुळाशी, फुलावर थेंब नको. उन्हाळ्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, बुडाशी अंथरायचं, वर हिरवी जाळी बांधायची. तीन वर्षांनी गड्डा खणायचा, हातानं हलके हलके सोडवायचा, पात वीतभर ठेवून कापायची आणि एकेक फुटवा वेगळा लावायचा. दोन बोटांपेक्षा खोल नाही. फुटवा कोणी मागितला तर ती देत असे, नाही कोणालाच म्हणाली नाही. पण पंधरा दिवसांनी त्या घरी तपासायला जात असे. “खोल लावलं तुमी. काढा बरं,” असं पाहुण्यासारखी बसून सांगत असे. लोक मग तिच्याकडून फुटवा मागायला जरा कचरत.

अशा लिलीचं मधलं पान श्रावणात पिवळं पडलं.

पहिल्या दिवशी तीन गड्ड्यांचं. तिसऱ्या दिवशी अकरांचं. आठवड्यात बावीस गड्डे निस्तेज, कळ्या जागेवरच करपलेल्या, दांडे वाकलेले. आणि महालक्ष्म्या आल्या होत्या चार आठवड्यांवर. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या पुढं तिन्ही दिवस सकाळी ताजी लिली मांडायची, ही सोजरबाईच्या घरची शान. बाया खास पाहायला येत.

तिनं इंद्रभानला हाक मारली. इंद्रभान तिचा नवरा, आणि गावातला फवारणीचा डॉक्टर. डिग्री नाही, पण कोणाच्या सोयाबीनवर अळी पडली, कोणाच्या तुरीचं पान आकसलं की माणूस पान खिशात घालून इंद्रभानच्या ओट्यावर हजर. इंद्रभान चष्मा लावणार, पान उलटं करणार, वास घेणार आणि औषधाचं नाव सांगणार. निम्म्या गावाचा त्याच्यावर भरवसा. तो उकिडवा बसला. पात ओढून पाहिली. मधलं पान अलगद हातात आलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याची नजर न्हाणीकडं गेली. तिथं नवीन कपडे धुवायचं मशीन होतं, त्याचा काळा पाइप जमिनीवर पडलेला होता.

“साबनाचं पानी,” इंद्रभान म्हणाला. “सुनेनं मशीनचं पानी इकडं सोडलं. मुळं जळली.”

बस्स. कुंपणापलीकडं धुरपताबाई कपडे वाळत घालत होती. तिनं ऐकलं आणि हातातला लुगड्याचा पिळा तसाच धरून उभी राहिली.

सोजरबाई स्वयंपाकघराच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिली. आत सून उज्ज्वला भाकरी थापत होती. पोरगी संस्कृती, सहा वर्षांची, बाजूला बसून गुळाचा खडा चोखत होती.

“मशीनचं पानी लिलीत सोडलं काय तू?”

“दोन दिवस सोडलं होतं आत्याबाई. मोरी तुंबली होती. पन ते तर…”

“दोन दिवस! नऊ वर्साचं माह्यं सारं जाळून टाकलं अन् दोन दिवस म्हनते! विचाराले तोंड नोयतं तुले?”

“पन साबनाच्या पान्यानं एवढं…”

आणि मग सोजरबाई ते बोलली. बोलायचं ठरवलं नव्हतं. राग जिभेवर बसला की माणूस ठरवून थोडंच बोलतो?

“तुह्या हातचं काहीच जगत नाही!”

दार उघडं होतं. आवाज कुंपणापार गेला, गल्लीत गेला. धुरपताबाईनं तोंडाला पदर लावला.

का लावला, ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. मागच्या पौषात उज्ज्वलाचं सहाव्या महिन्यात बाळ गेलं. मुलगा होता. वाशीमच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा सोजरबाईनंच तिचं डोकं मांडीवर घेऊन तिला झोपवलं होतं, स्वतःही रडली होती, महिनाभर डिंकाचे लाडू खाऊ घातले होते. आणि त्याच तोंडानं आता हे.

उज्ज्वलानं गॅस बंद केला. हाताचं पीठ परातीत झटकलं. तव्यावरची भाकरी तशीच अर्धीकच्ची राहिली.

सोजरबाईला तिथल्या तिथं कळलं. पण कळलं म्हणून शब्द गिळता येतो थोडाच? आणि ती वळून म्हणालीही नाही, की बाई, चुकलं. ती सांदवाडीत जाऊन करपलेले दांडे कापत बसली. मनाशी म्हणत राहिली, एवढं काय, रागात माणूस बोलतो. लिली तर मेलीच ना. लिली काय आपोआप मेली?

चार दिवसांनी रक्षाबंधनाला उज्ज्वला संस्कृतीला घेऊन माहेरी, कारंज्याला गेली. दरवर्षी जात असे आणि चौथ्या दिवशी येत असे. या वेळी चौथा दिवस गेला, सहावा गेला. सोजरबाईचा मुलगा, उज्ज्वलाचा नवरा विकास रिसोडला बी-बियाण्याच्या दुकानात कामाला, तो रात्री जेवताना खाली मान घालून म्हणाला, “ते सध्या नाही येत म्हनते.”

“नाही येत म्हंजे? महालक्ष्म्या हायेत!”

“ते म्हनते, महालक्ष्म्या तुमच्या तुमी बसवा. माह्या हातचं काही जगत नाही.”

सोजरबाईचा घास हातातच राहिला. इंद्रभाननं भाजीचं पातेलं आपल्याकडं ओढलं आणि निवांत वाढून घेतलं.

“पाहा बरं, कशी आहे आजकालची पोर,” तो म्हणाला. “एवढ्याशा गोष्टीचं.”

आणि सोजरबाईनंही मान डोलावली. हो, डोलावली! तेव्हा तिला सुनेचाच राग होता. घरातली लक्ष्मी रुसून बसली, आता बाया विचारतील सून कुठं, काय सांगायचं? महालक्ष्म्यांना सासू-सुनेनं मिळून पावलं काढायची असतात, एकीनं कशी काढायची? सगळा राग ती सुनेवर काढत होती आणि आतून एक शब्द तिला टोचत होता. तिकडं ती बघत नव्हती.

मग एका सकाळी पाऊस उघडला. सोजरबाई कुदळ घेऊन मेलेले गड्डे काढायला गेली. निदान जागा तरी मोकळी करावी, महालक्ष्म्यांना येणाऱ्या बायांनी हे मसण पाहू नये म्हणून. पहिला गड्डा खणला, दुसरा खणला. तिसऱ्याशी कुदळ थांबली.

लिलीच्या बुडाशी हराळी होती. हराळी म्हणजे ती, जी उपटून उपटून शेतकऱ्याची हाडं झिजतात आणि ती मरत नाही. तीही मेली होती. पिवळी, वाळकी, पार कुंपणापर्यंत. तिच्यासोबत केन्याचं तणही मेलं होतं. आणि एवढ्या पावसात एक पट्टा सरळ, दोन हात रुंद, जळालेला. पट्ट्याच्या पलीकडं सगळं हिरवंगार.

सोजरबाई न्हाणीकडं गेली. मोरीचं तोंड पाहिलं. तिथं तीस वर्षांपासून साबणाचं पाणी पडतं. आणि तिथं हराळी गुडघाभर! साबणाचं पाणी पिऊन माजलेली.

मग तिनं पाण्याच्या टाकीच्या मागं पाहिलं. तिथं तेविसावा गड्डा होता, एकटा. उतार तिकडंच होता, म्हणजे मशीनचं पाणी सगळ्यात आधी त्यालाच लागलेलं. तो ठणठणीत होता. दोन फुलं उमलली होती वर. टाकीच्या आड होता, म्हणून फवारा तिथवर पोचला नव्हता.

फवारा!

सोजरबाई तिथंच चिखलात खाली बसली. तिला तो दिवस आठवला. इंद्रभान वावरातून पंप पाठीवर घेऊन आला होता. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत फार माजलं म्हणून सकाळपासून ते सगळंच जाळणारं औषध मारत होता. आल्यावर म्हणाला, “सोयाबीनचं टॉनिक उरलं आहे तीन ढक्कन. तुह्या लिलीवर मारून देतो. फुलं दुप्पट येतीन पाह्य.” तिला बरं वाटलं होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो लिलीसाठी काही करायला निघाला होता. पण ती शेतकऱ्याची बायको, तिनं विचारलं होतं, “पंप धुतला होता का?” आणि इंद्रभान हसला होता. “आता तू मले फवारनी शिकवशीन काय?”

हो म्हणाला नव्हता. नीट आठवलं तिला. हो म्हणालाच नव्हता तो!

तिनं कुदळ टाकली. पण ती घरात धावली नाही. सोजरबाई तापट होती, मूर्ख नव्हती. इंद्रभानला एकट्याला विचारलं तर तो काय म्हणेल ते तिला पाठ होतं. ‘तुले काय समजते त्यातलं.’ तीस वर्षं ऐकलं होतं.

तिला फार वाट पाहावी लागली नाही. दुपारी बाबूसिंग आला. तांड्यावरचा माणूस, दोन एकर सोयाबीन, इंद्रभानचा पक्का भक्त. खिशातून पान काढून त्यानं ओट्यावर ठेवलं. “काका, पाहा बरं. सगळी मधली पानं पिवळी पडून राह्यली.”

इंद्रभाननं चष्मा लावला, पान उलटं केलं, वास घेतला.

“काय मारलं?”

“अळीचं मारलं.”

“अन् त्याच्या आधी त्या पंपात काय होतं?”

बाबूसिंग डोकं खाजवायला लागला. “धुऱ्याचं होतं…”

“मंग!” इंद्रभाननं मांडीवर थाप मारली. “पंप धुतला होता का?”

“पान्यानं हिसळला होता थोडा.”

“थोडा! अरे बाप्पा, किती वेळा सांगतलं तुमाले! तीनदा धुवा. नळी धुवा, नोझल खोलून धुवा. ते औषध तळाशी राह्यते. तुमाले दिसत नाही, पन पिकाले दिसते.”

सोजरबाई चहा घेऊन बाहेर आली. कप ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली.

“अन् नाही धुतला तं काय होते वो?” तिनं विचारलं. आवाज एकदम मऊ.

इंद्रभानला शिकवायला आवडायचं. त्यात बायको विचारते म्हणजे काय! तो खुशीत आला. “नाही धुतला तं पहिले मधलं कोवळं पान पिवळं पडते. मंग आठ-दहा दिवसांत सारं झाड जाते. कळी असली तं जाग्यावर करपते. पान ओढलं का अलगद हातात येते. बुडाचं गवतही मरते, हेच तं त्याचं लक्षन. रोगानं गवत थोडंच मरते?”

“अन् साबनाच्या पान्यानं?”

“साबनाच्या पान्यानं कुठं…”

तो थांबला. बाबूसिंगनं एकदा काकाकडं पाहिलं, एकदा काकूकडं. चहाचा घोट त्याच्या तोंडातच होता.

“उठा,” सोजरबाई म्हणाली. “बाबूसिंग, तूही ये. काकाले लिली दाखवू.”

“सोजर…”

“उठा म्हनते ना!”

तिघं सांदवाडीत गेले. सोजरबाईनं काही बोलायची गरज नव्हती. बाबूसिंग खाली वाकला, वाळकी हराळी हातात घेतली, पट्टा डोळ्यांनी मोजला, टाकीमागचा हिरवा गड्डा पाहिला. शेतकऱ्याच्या पोटचा होता, त्याला कळायला कितीसा वेळ लागणार? “हे तं आपल्यासारखंच झालं काका,” तो हळूच म्हणाला, आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. बिचाऱ्याला पळायला रस्ता पुरला नाही.

“असंन,” इंद्रभान म्हणाला. नजर कुंपणाकडं.

“काय असंन?”

“तळाशी राह्यलं असंन थोडं.”

“कवा समजलं तुमाले?”

त्यानं चष्मा काढून धोतराला पुसला.

“मी विचारून राह्यली, कवा समजलं? आज? बाबूसिंगच्या समोर?”

“पान ओढलं तवाच,” इंद्रभान म्हणाला.

सोजरबाईच्या डोक्यात घण बसला. पान ओढलं तेव्हाच! म्हणजे तो जे गप्प बसला होता ते विचार करायला नव्हे. पाइपाकडं जी नजर गेली ती पुरावा शोधायला नव्हे, तर लपायला जागा शोधायला. सुनेचं नाव घेतलं ते ठरवून. आणि त्यानंतर पंधरा दिवस हा माणूस जेवला, झोपला, भाजीचं पातेलं ओढून घेतलं, ‘आजकालची पोर’ म्हणाला!

“लाज नाही वाटली तुमाले? पोरगी माहेरी जाऊन बसली! पोरानं चार दिवस धड भाकर खाल्ली नाही! अन् तुमी चुपचाप?”

“गावात नाव आहे माह्यं,” इंद्रभान म्हणाला. “फवारनीवाल्यानंच घरचं जाळलं म्हनतीन लोक. हसतीन.”

“तुमचं नाव! अन् तिचं नाव नाही काय? ते काय उकिरड्यावर पडलं होतं? तुमचं नाव झाकाले माह्यी सून वापरली तुमी!”

धुरपताबाई कुंपणाशी आली होती. सोजरबाईनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“उद्या सकाळच्या गाडीनं कारंज्याले जायचं,” ती म्हणाली. “व्याह्याच्या घरी. तिच्या बापासमोर सांगायचं. पंप मी धुतला नाही अन् खोटं मी बोललो. एवढंच. जास्तीचं काही नको.”

“व्याह्यासमोर? येडी झाली काय तू? फोनवर सांगतो.”

“खोटं फोनवर बोलले होते काय? तोंडावर बोलले ना? मंग खरंही तोंडावर बोला. अन् नाही आले तं या घरात माह्या हातचा चहा मिळनार नाही तुमाले.”

इंद्रभाननं रात्रभर कूस बदलली. सकाळी त्यानं ठेवणीतलं धोतर काढलं. सोजरबाईनं टाकीमागच्या गड्ड्यातून एक फुटवा सोडवला, ओल्या पोत्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. सुनेच्या माहेरी रिकाम्या हातानं कसं जायचं?

वाशीमला गाडी बदलली. मंगरूळपीरला चहा प्यायला गाडी थांबली, तर इंद्रभान उतरला नाही. कारंजा जवळ येत गेलं तसा तो खिडकीत आकसत गेला. सोजरबाईला त्याची दया येत नव्हती. उलट तिला बरं वाटत होतं. तिच्या मनात सगळं ठरलं होतं. हा सांगेल, व्याही ‘जाऊ द्या हो’ म्हणतील, उज्ज्वला डोळे पुसेल, आणि संध्याकाळच्या गाडीनं सून आणि नात घरी. महालक्ष्म्यांना अजून दहा दिवस होते.

व्याही गोविंदराव कारंज्याच्या धान्य बाजारात मापारी. घर दोन खोल्यांचं, पण नीटनेटकं. आजीला पाहून संस्कृती धावत आली आणि तिच्या पोटाला बिलगली. उज्ज्वला दाराशी आली, वाकून दोघांच्या पाया पडली आणि भिंतीशी उभी राहिली. रीत सोडली नाही पोरीनं, पण तोंडावर हसूही नव्हतं.

“बसा,” गोविंदराव म्हणाले.

“नाही, पहिले बोलतो,” इंद्रभान म्हणाला. बसला असता तर तो पुन्हा उठून बोलला नसता, हे त्याला माहीत होतं. टोपी काढून त्यानं हातात धरली. बासष्ट वर्षांचा माणूस, व्याह्यासमोर, बोडक्या डोक्यानं. “लिली सुनेनं नाही मारली. पंप मी धुतला नोयता. मले त्याच दिवशी समजलं होतं. खोटं मी बोललो.”

गोविंदरावांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, “झालं ते झालं, बसा आता,” आणि खुर्ची पुढं केली. इंद्रभान बसला आणि टोपीच्या कडा चाचपत राहिला.

सोजरबाईनं मोठा श्वास सोडला. झालं! तिनं पिशवीतून फुटवा काढून उज्ज्वलाच्या पुढं धरला. “ठेव हे तुह्या आईच्या दारात लावाले. अन् चाल आता. कपडे भर पोरीचे. चार वाजताची गाडी आहे.”

उज्ज्वलानं फुटवा घेतला. खिडकीत ठेवला.

“मामाजींचं झालं,” ती म्हणाली.

“हो झालं ना. मीच आनलं त्यांना ओढून. म्हनलं, माह्या सुनेवर आळ…”

“आळ मामाजींनी घेतला, आत्याबाई. पन मामाजी ते नोयते बोलले.”

काय, ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. पंधरा दिवसांपासून जिकडं बघायचं नाही म्हणून सोजरबाई नवऱ्यावर ओरडत होती, लिली खणत होती, बाबूसिंगला साक्षीला उभं करत होती, गाड्या बदलत इथवर आली होती, ते समोर येऊन उभं राहिलं. आता रागवायला कोणी उरलं नव्हतं.

“रागात…” ती म्हणाली, आणि स्वतःचाच शब्द तिला घाण वाटला. कालच तर नवऱ्याला झापलं होतं, जास्तीचं काही नको म्हणून.

तिनं संस्कृतीला बाजूला केलं. पदर सारखा केला.

“ते खोटं बोलले नसते तरी मी ते बोलाले नको होतं,” ती म्हणाली. “लिली तूच मारली असती तरीही नको होतं. सारी सांदवाडी जाळली असती तरीही. चुकलं माह्यं, उज्ज्वला. लय चुकलं.”

उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही.

“मी माह्या आईजवळ बोलली नाही ते,” ती म्हणाली. “इथं कोनालेच ठाव नाही. मी कसं सांगू, माह्या सासूनं मले असं म्हनलं म्हनून? पन तिथं साऱ्या गल्लीले ठाव आहे. मी भाजी घ्याले निघाली तरी बाया माह्या हाताकडं पाहतीन.”

“मंग मी काय करू? तू सांग. सांगशीन ते करतो.”

“तुमी इथं माफी मागितली, चार भिंतींत. बोलल्या होत्या गल्लीत.”

व्याह्यासमोर टोपी काढून उभं राहायला सोजरबाईनंच नवऱ्याला लावलं होतं. तोंडावर खोटं बोललात तर तोंडावर खरं बोला, हे तिचेच शब्द. आता तोच हिशोब तिच्यापुढं होता, आणि तो तिला कडू लागला, पण खोटा म्हणता येईना.

“जेवढ्या जोरात ते बोलल्या ना आत्याबाई, तेवढ्याच जोरात बोला,” उज्ज्वला म्हणाली. “मंग मी येतो. विकासले घ्याले पाठवा.”

चारच्या गाडीनं दोघं परत निघाले. सूनही नाही, नातही नाही. वाटेत इंद्रभान एकदा म्हणाला, “लोक हसतीन तुले.” सोजरबाई म्हणाली, “हसू द्या.”

घरी पोचले तेव्हा दिवस मावळायचा होता. सोजरबाईनं चप्पल काढली नाही, तोंडावर पाणी मारलं नाही. सरळ स्वयंपाकघराच्या मागच्या दारात गेली, त्या दिवशी उभी होती तिथंच. कुंपणापलीकडं धुरपताबाई वाळलेले कपडे काढत होती. गल्लीत दोन बाया नळावर होत्या.

“ऐका वो!” सोजरबाई ओरडली. इतक्या जोरात की नळावरच्या बायांनी हंडा तसाच सोडला. “माह्या सुनेनं लिली मारली नाही! अन् तिच्या हातानं काहीच मेलं नाही! तिचं लेकरू गेलं त्यात तिचा काही दोष नोयता, अन् मी तिले जे बोलली ते पापाचं बोलली! माह्यं तोंड जळो, पन ते पोरगी निर्दोष आहे!”

धुरपताबाईच्या हातातला कपडा खाली पडला. ती दोन पावलं पुढं आली.

“अवो, हळू बोला ना,” ती म्हणाली. “येवढं वरडता काहून? मी इथंच तं हावो.”

“तवाही तुमी इथंच होत्या,” सोजरबाई म्हणाली, आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा एकदा ओरडून सांगितलं.